बोर्डावर बसलेल्या बाईला सगळे नंबर सारखे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ फेब्रुवारी २०२६ ही एका सरकारी नियमाला दहा वर्षं पूर्ण होण्याची तारीख. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी तो काढला. ग्राहक इंटरनेटवर काय पाहतो, कुठल्या कंपनीचं संकेतस्थळ उघडतो, यावरून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही, असं त्यात सांगितलं आहे. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. ही तारीख फारशी कुणाच्या लक्षात नसेल. माझ्या आहे, कारण त्याआधी ट्रायकडे जे लाखो ईमेल गेले त्यांतला एक माझा होता. त्या वेळी सामान्य माणसासाठी जे दार उघडं होतं, ते आता हळूहळू लोटलं जात आहे, असं मला दिसतं. म्हणून हे पत्र.

मी १९७६ साली टपाल व तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि २०१४ मध्ये बीएसएनएलमधून निवृत्त झाले. सुरुवातीची बरीच वर्षं सांगलीच्या ट्रंक बोर्डावर काढली. डोक्यावर हेडसेट, समोर कॉर्ड आणि जॅक, हाताशी तिकिटांचा गठ्ठा. कुणी ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक केला की तिकिटावर वेळ, नंबर आणि गाव लिहायचं आणि लाइन मिळाली की क्रमाने जोडून द्यायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी हळद बाजारात आली की गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांचे फोन सुरू व्हायचे. निजामाबादला भाव काय फुटला, इरोडला काय चाललंय, हे ज्याला आधी कळेल त्याचा फायदा. एकाच गावचा कॉल दोन-दोन, तीन-तीन आडत्यांनी बुक केलेला असायचा. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, कुणाची किती हळद पडून आहे, हेही आम्हाला बोलण्यावरून कळायचं, आणि ते बाहेर काढायचं नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेलं होतं. एका दिवाळीत एका व्यापाऱ्याने बोर्डावरच्या आम्हा सगळ्या मुलींसाठी पेढ्यांचे खोके पाठवले. आमच्या सुपरवायझर बाईंनी ते त्याच पावली परत पाठवले आणि म्हणाल्या, "बोर्डावर बसलेल्या बाईला सगळे नंबर सारखे. ज्या दिवशी एक नंबर जवळचा झाला, त्या दिवशी दुसऱ्याचा धंदा बुडाला."

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट सांगत. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी गावात आल्मन स्ट्रोजर नावाचा एक माणूस अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा धंदा करायचा. गावातल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरचीच बाई एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि कुणी स्ट्रोजरला फोन मागितला तरी ती तो आपल्या घरच्या दुकानाकडे वळवायची, असं सांगतात. वैतागून त्याने ऑपरेटरच लागणार नाही असं यंत्र बनवलं. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढे जगभर स्ट्रोजर एक्स्चेंज आली, आपल्या देशातही. ऑटोमॅटिक टेलिफोन जन्माला आला तो मधला माणूस कॉल वळवतो या संशयातून, हे मी कधी विसरले नाही.

नंतर एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावायची सोय, आली, पिवळ्या पाट्यांचे बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून अकराच्या ठोक्याला बूथबाहेर रांगा लागत. मीटरचा पल्स, म्हणजे पैसे मोजण्याचा ठोका, अंतरावर आणि वेळेवर चालायचा. तुम्ही आईशी बोलता की सावकाराशी, हे मीटर विचारत नसे. बोर्डावरच्या आणि एसटीडीच्या त्या काळात दर अनेकदा बदलले, पण अमक्याशी बोललात तर फुकट आणि तमक्याशी बोललात तर पैसे, असा दर मी एकदाही पाहिला नाही.

आता २०१५ कडे येते. फेसबुकने १० फेब्रुवारी २०१५ रोजी रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर आपल्या देशात 'इंटरनेट डॉट ऑर्ग' सुरू केलं. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक तिसेक संकेतस्थळं डेटाचे पैसे न भरता बघता येणार, बाकीच्या इंटरनेटला पैसे. सप्टेंबरमध्ये त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअरटेलने 'एअरटेल झीरो' जाहीर केलं होतं. त्यात ग्राहकाच्या डेटाचे पैसे ॲपची कंपनी भरणार होती. लोकांनी एवढा आवाज उठवला की फ्लिपकार्ट आठवड्याभरात त्यातून बाहेर पडलं.

खरं सांगते, फ्री बेसिक्सबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती योजना आवडली होती. आयुष्यभर मी लोकांना तीन मिनिटांच्या पैशांसाठी चिल्लर मोजताना पाहिलं आहे. गरिबाला काहीतरी फुकट मिळतंय तर त्यात वाईट काय, असंच मी भाचीला फोनवर म्हणाले. ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणाली, "आत्या, तुमच्या एक्स्चेंजमध्ये एखाद्या आडत्याने सांगितलं असतं की माझ्या पेढीला लागणारे सगळे फोन फुकट, पैसे मी भरतो, पण दुसऱ्यांना लावायचा असेल तर पूर्ण दर, तर तुझ्या सुपरवायझर बाई काय म्हणाल्या असत्या?" मी फोन ठेवला आणि त्या दुपारी दुसरं काही सुचलं नाही. पेढे परत पाठवणाऱ्या बाईंनी काय म्हटलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्या डिसेंबरात शहरांतून मोठमोठे फलक लागले होते, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येत होत्या. २८ डिसेंबरला मार्क झुकेरबर्ग यांनी एका मोठ्या इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. हा गणेश फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवीन पिकं आणि जनावरं यांत पैसे घालतो आहे. त्याने शेती चांगली केली तर इंटरनेटचं काय बिघडतं, असा त्यांचा प्रश्न होता.

मी त्या गणेशचा फार विचार केला, कारण तो माझ्याच भागातला असू शकला असता. त्याच्या शेतात हळद असेल तर सांगलीचा भाव, निजामाबादचा भाव, इरोडचा भाव, आडत्याचं कमिशन, गाडीभाडं, हे सगळं शेजारी शेजारी ठेवून बघितलं तरच त्याला हळद आज विकायची की थांबायचं ते ठरवता येईल. फुकटच्या खिडकीतून एकाच कंपनीने निवडलेला एकच भाव दिसत असेल, तर जे दिसत नाही ते त्याला कसं कळणार? खिडकीत कोण बसणार हे फेसबुक ठरवणार होतं, आणि उद्या भावाची माहिती देणारी कंपनी स्वतःच खरेदीला उतरली तर तिला खिडकीतून उठवणार कोण? स्ट्रोजरला निदान आपला फोन वळवला जातोय याचा संशय तरी आला होता.

ट्रायने ९ डिसेंबर २०१५ रोजी यावर चर्चापत्र काढलं होतं. त्यात चार प्रश्न होते. वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावू द्यावा का, द्यायचा तर भेदभाव होऊ नये म्हणून काय करावं, गरिबांना फुकट इंटरनेट द्यायचे दुसरे मार्ग कोणते, आणि आणखी काही सांगायचं आहे का. उत्तरांची मुदत वाढवून ७ जानेवारी २०१६ केली होती. मला तिसरा प्रश्न सर्वांत चांगला वाटला. ठरावीक एमबी डेटा सगळ्यांना फुकट द्या, तो कुठे खर्च करायचा ते ज्याचं त्याला ठरवू द्या, असं मी लिहिलं. मराठीत लिहिलं. भाचीने खाली इंग्रजी भाषांतर जोडलं. ट्रंक बोर्डाचा आणि पल्सचा दाखला दिला. लिहायला दोन रात्री लागल्या, कारण तसा कागद मी आधी कधी लिहिला नव्हता.

त्याच काळात फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांना एक तयार मजकूर दाखवून ट्रायला पाठवायला सांगितलं. एक बटण दाबलं की ईमेल गेला. ट्रायला एकूण सुमारे २४ लाख प्रतिसाद आले, त्यातले जवळपास १९ लाख हे फ्री बेसिक्सच्या पाठिंब्याचे असे तयार संदेश होते. आकडा पाहून माझं मन खचलं होतं. पण जानेवारीत ट्रायने फेसबुकला पत्र लिहून स्पष्ट सांगितलं की या संदेशांत विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत, आणि अशाने सल्लामसलतीचं रूपांतर ठरवून घडवलेल्या ढोबळ मतमोजणीत होतं. सरकारी संस्थेने एवढ्या मोठ्या कंपनीला असं लेखी सुनावलेलं वाचून मला अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या बाजूनेही तयार उत्तरं होती. त्याआधी मार्च २०१५ मध्ये ट्रायने ११८ पानांचं, वीस प्रश्नांचं चर्चापत्र काढलं, तेव्हा काही तरुण कार्यकर्त्यांनी ते सोप्या भाषेत समजावून उत्तरांचा नमुना इंटरनेटवर ठेवला. त्यातून दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. फरक मला एवढाच दिसला, आणि तो लहान नाही, की त्या नमुन्यात वीसच्या वीस प्रश्नांना उत्तर होतं, पटेल ते ठेवून बाकीचं खोडता येत होतं, आणि नमुना बनवणाऱ्यांना त्यातून कुठला दर वसूल करायचा नव्हता.

निकाल लागला ८ फेब्रुवारीला. तीन दिवसांत, ११ फेब्रुवारीला, फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून काढून घेतलं. गरिबाच्या तोंडचा घास आपण काढला, असं तेव्हा आम्हाला काहींनी ऐकवलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटाचे भाव असे कोसळले की आज आमच्या गल्लीत भाजी विकणारी बाई दुपारी गाडीवर बसून व्हिडिओ बघते, तिला वाटेल तो. जिओ कुणी धर्मादाय म्हणून आणलं नाही, त्यातून आणखी एक बलाढ्य कंपनी उभी राहिली, हे मला माहीत आहे. पण सगळं इंटरनेट स्वस्त होऊ शकतं, त्यासाठी कुंपणातलं इंटरनेट घ्यावं लागत नाही, एवढं तर दिसलं.

आता जे मला खुपतंय ते सांगते. ट्रायच्या १९९७ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे की प्राधिकरणाने आपलं काम पारदर्शकपणे करावं. म्हणून त्या वेळी कोणत्या दूरसंचार कंपनीने काय मागितलं, फेसबुकने काय लिहिलं, हे सगळं ट्रायच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येत होतं. मी स्वतः बसून वाचलं आहे. २०१५ मध्ये तर ट्रायने सामान्य लोकांचे ईमेल पत्तेही जसेच्या तसे छापले. ती चूक होती आणि लोक रागावले ते बरोबरच होतं. पत्ते झाकायला हवे होते. पण कंपन्यांचं म्हणणं उघड ठेवणं ही चूक नव्हती.

याउलट, आपल्या वैयक्तिक माहितीबद्दलचा जो कायदा २०२३ मध्ये झाला, त्याच्या नियमांचा मसुदा इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ३ जानेवारी २०२५ रोजी काढला. सूचना पाठवायला आधी १८ फेब्रुवारीपर्यंत आणि नंतर वाढवून ५ मार्चपर्यंत मुदत होती. पण आलेल्या सूचना कुणालाही, कुठल्याही टप्प्यावर दाखवल्या जाणार नाहीत, असं मंत्रालयाने आधीच सांगून टाकलं. कारण असं दिलं की लोकांनी मोकळेपणाने लिहावं. माझ्यासारख्या बाईला गुप्ततेची सोय हवी असेल तर ती द्यावी. पण ज्या कंपन्यांकडे आपल्या कोट्यवधी लोकांची माहिती साठलेली आहे, त्यांनी त्या माहितीबद्दलच्या नियमांत कोणतं कलम ढिलं करायला सांगितलं, हे आपल्यापासून झाकून ठेवायचं काय कारण? नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम लागू करायला सुरुवात झाली. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलमही बदललं. सार्वजनिक हित आहे असं दाखवून अशी माहिती मागण्याची जी वाट त्या कलमातच होती, ती तिथून काढली गेली. माहितीच्या अधिकारासाठी ज्या महाराष्ट्राने देशाच्या आधी कायदा केला, तिथे यावर गावोगावी बोलणं व्हायला हवं होतं.

आपल्याकडे लॉबिंगची, म्हणजे कंपन्या आपल्या फायद्यासाठी सरकारदरबारी जे वजन टाकतात त्याची, नोंद ठेवणारा कायदाही नाही. २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगवरून आपली संसद दणाणली, ती कशावरून? अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कंपनीने तिथे खर्चाचा जो हिशेब दिला होता, त्यात भारतातल्या बाजाराचा उल्लेख होता म्हणून. आपल्या दारात काय चाललंय ते दुसऱ्याच्या दप्तरातून कळावं, याचं मला वाईट वाटतं.

केंद्र सरकारने २०१४ मध्येच धोरण केलेलं आहे की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं, आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा. ते पाळणं बंधनकारक करा, एवढंच मागणं आहे. आणि भाषा. २०२० मध्ये पर्यावरणाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं. एका मसुद्यासाठी न्यायालयात जावं लागलं, तर दर वेळी कोण जाणार? इंग्रजीतली शंभर पानं एका महिन्यात वाचणारे लोक पगार देऊन ठेवणं कंपन्यांना परवडतं. हळदवाल्याला परवडत नाही.

दूरसंचार कंपन्यांचं नवं मागणं आलेलंच आहे. ज्या ॲपवरून जास्त डेटा जातो त्यांनी आम्हाला वेगळे पैसे द्यावेत, असं त्या म्हणतात. जुलै २०२३ मध्ये ट्रायने व्हॉट्सॲपसारख्या सेवांवर नियम हवेत का, यावर चर्चापत्र काढलं होतं. या भांडणात दोन्हीकडे मोठ्या कंपन्या आहेत आणि मला दोघींचंही प्रेम नाही. पण बोर्डावरचे सगळे नंबर सारखे राहतील की नाही, हे त्यात ठरणार आहे.

संपादक महोदय, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. आपल्या पेपरात रोज धरणांतला पाणीसाठा येतो, हळदीचा आणि बेदाण्याचा भाव येतो. महापालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की त्याची बातमी येते आणि लोक खरंच जाऊन हरकती देतात. तशीच आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्या. कोणत्या मंत्रालयाने, कोणत्या नियामकाने कसला मसुदा काढला आहे, त्याचा आपल्याशी संबंध काय हे दोन ओळींत, सूचना कुठे पाठवायच्या आणि शेवटची तारीख. २०१५ मध्ये मला हे भाचीमुळे कळलं. प्रत्येकीला अशी भाची नसते.

मी आणि भाची गेले वर्षभर दर रविवारी फोनवर बसून अशी यादी काढतो. जुन्या ट्रंक तिकिटांसारखे रकाने आखलेली एक वही केली आहे: कुणाचा मसुदा, कधी निघाला, मुदत कधी, मराठीत आहे की नाही. तुम्ही होकार कळवलात तर पहिली यादी त्याच आठवड्यात पाठवते.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सांगली